ऑस्करचा आकडा लावायचा तर आलापल्लीच्या सरांना विचारा

२४ जानेवारी २०२३, मंगळवार. लॉस एंजेलिसात पहाटेचे साडेपाच वाजले होते, आपल्याकडे संध्याकाळचे सात. ९५व्या ऑस्करची नामांकनं वाचून दाखवली गेली आणि भारताच्या वाट्याला तीन आली. ‘आरआरआर’मधलं ‘नाटू नाटू’ हे गाणं, ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा लघुमाहितीपट आणि दिल्लीतल्या जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’. घारींचं जाऊ द्या. उरलेल्या दोघांचं गोत गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या आसपासच निघतं.

आलापल्लीहून अहेरी गाठा, प्राणहिता ओलांडा, की तेलंगणाचा कोमाराम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो. ‘आरआरआर’मध्ये ज्युनिअर एनटीआरनं रंगवलेला भीम तो हाच, निजामाविरुद्ध उभा राहिलेला आणि १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारला गेलेला गोंड वीर. नदीच्या दोन्ही काठांवर गोंडांची वस्ती असल्यामुळे भीम अलीकडच्यांनाही परका नाही. सिनेमातल्या भीमाचा खऱ्या भीमाशी संबंध बेताचाच. खरा भीम कीवमधल्या राजवाड्यासमोर नाचला नव्हता. गाण्याचं चित्रीकरण मात्र २०२१मध्ये तिथल्या मारिइन्स्की राजवाड्यासमोरच झालं, युद्ध सुरू व्हायच्या काही महिने आधी.

हत्तींचं म्हणाल तर ‘एलिफंट व्हिस्परर्स’मधला रघू तामिळनाडूतल्या मुदुमलईचा. पण महाराष्ट्रातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प आहे कमलापूरला, म्हणजे आलापल्लीच्याच अहेरी तालुक्यात. या जंगलातले सागाचे ओंडके ओढायला एकेकाळी हत्तीच लागायचे. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस कॅमेरा घेऊन इकडे वळल्या असत्या तर ऑस्करच्या सोहळ्यात माडिया-गोंडीचे चार शब्द ऐकू आले असते. १३ मार्चच्या सकाळी गाणंही जिंकलं आणि हत्तीही.

आता प्रश्न असा की हे आधी ओळखता आलं असतं का? गाण्याचं तरी नक्की आलं असतं. १० जानेवारीला ‘नाटू नाटू’ला गोल्डन ग्लोब मिळाला आणि अकादमीचं नामांकनाचं मतदान १२ ते १७ जानेवारी या काळात होतं. मतदार मत द्यायला बसतो, त्याच्या दोन दिवस आधी सगळ्या जगाच्या बातम्यांत एकच गाणं वाजतंय. निवडणुकीच्या तोंडावर कुणाची सभा गाजली की गावातले जाणकार काय समजायचं ते समजतात, तसंच हे.

ऑस्करच्या भाकितात सगळी गोम इथेच आहे. भाकीत करणारा सिनेमे पाहून आकडा लावत नाही, मतदार पाहून लावतो. कोण कोणाला मत देणार, कितव्या पसंतीचं देणार आणि मतं मोजणार कशी, हे ज्याला कळलं त्याची यादी बरोबर येते. आणि मतांची ही मोजणी हॉलिवूडमधल्या भल्याभल्यांना कळत नसली, तरी आलापल्लीच्या हायस्कुलातल्या सरांना कळते.

जांभळ्या पेनचं गणित

नामांकनं जाहीर झाली त्याच्या सहाव्या दिवशी, ३० जानेवारी २०२३ला, नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचं मतदान होतं. गडचिरोली जिल्हा याच मतदारसंघात येतो. माध्यमिक शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी रांगेत उभं राहून, निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननं उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे घातले. स्वतःचं निळं पेन चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, आकडा अक्षरात लिहिला तरी मत बाद. निवडून आले चंद्रपूरचे सुधाकर अडबाले.

अकादमीचे सदस्यही नामांकनासाठी हेच करतात, फक्त जांभळं पेन नाही, सगळं ऑनलाइन. बहुतेक विभागांत त्यांनी पाच नावं पसंतीक्रमानं लिहायची. छायाचित्रणाची नामांकनं छायाचित्रकार ठरवतात, संकलनाची संकलक, अभिनयाची नट-नट्या. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तेवढं सगळ्यांचं मत घेतात, तिथे नावं दहा.

मोजणी अशी. समजा, एका विभागात ६०० जणांनी मतं दिली आणि जागा पाच आहेत. ६००ला सहानं भागायचं आणि एक मिळवायचा. आले १०१. ज्याला पहिल्या पसंतीची १०१ मतं पडली त्याचं नामांकन पक्कं, कारण ६०० मतांत १०१चा गठ्ठा सहा जणांना मिळूच शकत नाही. ज्याला सर्वांत कमी मतं, तो बाद, आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीकडे वळतात. ज्याला गरजेपेक्षा खूपच जास्त पडली, त्याची वरकड मतंही पुढे वाटली जातात. पाच जागा भरेपर्यंत हा खेळ चालतो.

राज्यसभेची निवडणूक पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. १० जून २०२२ची रात्र आठवा. महाराष्ट्रातून सहा जागा, उमेदवार सात. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. सरळ मोजणी असती तर पवार खासदार झाले असते. पण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं देऊन भाजपनं वरकड मतांची सोय करून ठेवली होती. ती महाडिकांकडे वळली आणि पहाटेपर्यंत जागलेल्या पत्रकारांना बातमी नव्यानं लिहावी लागली. ऑस्करच्या यादीतलं पाचवं नाव दरवर्षी भाकीतकारांना तोंडघशी पाडतं, ते याच वाटेनं. पहिली चार नावं कोणीही सांगेल. पाचवं मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी मतपत्रिकेवरून येतं.

यातून नवख्यांना पटकन न सुचणारा एक नियम निघतो. जो सिनेमा सगळ्यांना बरा वाटला, तो नामांकनात मार खातो. सगळ्यांच्या यादीत चौथा असणं म्हणजे कुणाच्याच यादीत पहिला नसणं. उलट पंधरा-वीस टक्के लोकांना ज्यानं वेड लावलं आणि उरलेल्यांना झोप आणली, तो सिनेमा आरामात आत जातो. म्हणून भाकीत करताना ‘हा किती लोकांना आवडला?’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘हा किती लोकांना सर्वांत जास्त आवडला?’ एवढंच विचारायचं.

गंमत पुढे आहे. नामांकनं झाली की सर्वोत्कृष्ट चित्रपटाची अंतिम मोजणी उलटी होते. तिथे जागा एकच, म्हणून निम्म्याहून एक मत जास्त हवं, आणि ते मिळेपर्यंत तळातला एकेक सिनेमा बाद करत पसंत्या वळवायच्या. हा अगदी शिक्षक मतदारसंघाचा प्रकार. आणि तिथे मात्र सगळ्यांना बरा वाटलेला सिनेमाच तरतो. ‘कोडा’ या घरगुती, हळव्या सिनेमाला २०२२मध्ये फक्त तीन नामांकनं होती. त्यानं तिन्ही जिंकली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट. नामांकनाला वेडे भक्त लागतात आणि बक्षिसाला शत्रू नसलेला माणूस. आपल्याकडे तिकीट कुणाला मिळतं आणि निवडून कोण येतं, हे ज्यानं चार निवडणुकांत पाहिलंय त्याला नवल वाटायचं नाही.

आकडा लावणारे काय बघतात

टोरांटो महोत्सवातला प्रेक्षक पुरस्कार बघतात. २०१२पासून २०२३पर्यंत तिथे जो सिनेमा प्रेक्षकांनी पहिला ठरवला, त्याला दरवर्षी, एकही वर्ष न चुकता, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं. बारा वर्षं! मग २०२४ला ‘द लाइफ ऑफ चक’ पहिला आला आणि ही साखळी तुटली.

संकलनाचं नामांकन बघतात. १९८०च्या ‘ऑर्डिनरी पीपल’नंतर २०१४च्या ‘बर्डमन’पर्यंत, संकलनाचं नामांकन नसताना एकही सिनेमा सर्वोत्कृष्ट ठरला नाही. ‘बर्डमन’ तर एका दमात, एकाच शॉटमध्ये चित्रित झाल्यासारखा दिसतो. कात्री कुठे लागली तेच दिसत नाही म्हटल्यावर संकलक मत कशाला देतील?

दिग्दर्शकांची संघटना, निर्मात्यांची संघटना, नटांची संघटना यांचे पुरस्कार बघतात, कारण या संघटनांचे बरेच सभासद अकादमीतही मत देतात. एक्झिट पोलपेक्षा हा भरवशाचा प्रकार, तरी फसतोच. २०१३ला ‘आर्गो’साठी बेन ॲफ्लेकनं दिग्दर्शक संघटनेचा पुरस्कार घेतला, ‘आर्गो’ सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला, आणि ॲफ्लेकचं दिग्दर्शनाच्या पाच नामांकनांत नावच नव्हतं.

आणि काही नावं डोळे मिटून लिहायची. संगीतात जॉन विल्यम्स दिसले की लिहा. त्यांच्या नावावर ५४ नामांकनं आहेत, शेवटचं ९१व्या वर्षी. गाण्यात डायन वॉरेन. या बाईंना पंधराहून जास्त नामांकनं मिळाली, स्पर्धेतला पुरस्कार एकही नाही. दरवर्षी त्या येतात, बसतात, टाळ्या वाजवतात.

वाघाचं नाव घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाचकांसाठी खास टीप. नावात किंवा पडद्यावर वाघ असला की अकादमीचा हात सैल सुटतो. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला दहा नामांकनं, चार पुरस्कार; सिनेमात वाघ औषधालाही नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ला अकरा नामांकनं, चार पुरस्कार, यात वाघ आहे, पण बहुतेक दृश्यांत संगणकावर केलेला. ते काम करणाऱ्या कंपनीनं पुरस्कार मिळायच्या थोडे दिवस आधी दिवाळखोरी जाहीर केली. ‘द व्हाइट टायगर’ला पटकथेचं नामांकन. ‘टू किल अ टायगर’ला माहितीपटाचं, ती झारखंडमधल्या एका बापाची आपल्या मुलीच्या न्यायासाठीची लढाई आहे, वाघ फक्त नावापुरता.

खरा वाघ जिथे आहे तिथे मात्र अकादमी फिरकली नाही. पांढरकवड्याच्या टी-वन अर्थात ‘अवनी’ वाघिणीच्या प्रकरणाशी मिळतीजुळती गोष्ट सांगणारा अमित मसुरकरचा ‘शेरनी’ २०२१ला थेट ओटीटीवर आला आणि ऑस्करला गेलाच नाही. मसुरकर ऑस्करच्या वाटेवर गेला होता तो त्याच्या चार वर्षं आधी, एका मतदान केंद्रावरून.

७६ मतदार

मसुरकरचा ‘न्यूटन’ गडचिरोलीत चित्रित झालेला नाही, छत्तीसगडच्या दल्ली राजहऱ्याला झाला. पण अहेरी विधानसभा मतदारसंघात ज्यानं कधी निवडणुकीची ड्युटी केली आहे, त्याला तो सिनेमा वाटणारच नाही. दंडकारण्यातलं एक केंद्र, ७६ मतदार, सोबत सुरक्षा दलाची तुकडी आणि एक नियमावर बोट ठेवणारा हट्टी केंद्राध्यक्ष. आपल्याकडे इथल्या केंद्रांवर मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि दुपारी तीनलाच संपतं. मतदान पथकं आधी हेलिकॉप्टरनं, मग पायी जातात. आणि तरीही एप्रिल २०२४च्या लोकसभेला पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या पाच मतदारसंघांत सर्वांत जास्त मतदान गडचिरोली-चिमूरला झालं. नागपूरकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सिनेमात गोंडी बोलणारी स्थानिक शिक्षिका माल्को रंगवली नाशिकच्या अंजली पाटीलनं. पंकज त्रिपाठीचा असिस्टंट कमांडंट आणि राजकुमार रावचा न्यूटन यांच्यातला सामना पाहताना सगळं थिएटर हसतं, ड्युटी केलेले हसत नाहीत. अशा एखाद्या गुरुजींच्या शेजारी बसून हा सिनेमा पाहावा.

२२ सप्टेंबर २०१७ला तो प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी भारताची अधिकृत निवड म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. बर्लिन महोत्सवात त्याचं आधीच कौतुक झालेलं. विषय लोकशाहीचा, विनोद कोरडा, दोन तासांच्या आत संपणारा. आकडा लावणाऱ्यांना आशा वाटावी असंच सगळं. त्या वर्षी ९२ देशांनी सिनेमे पाठवले होते, तोपर्यंतचा तो उच्चांक. डिसेंबरात नऊ सिनेमांची यादी आली, त्यात ‘न्यूटन’ नव्हता.

कारण पुन्हा मतदार. त्या काळात परदेशी सिनेमांची पहिली फेरी मोजके स्वयंसेवी सदस्य करायचे, आणि त्यांनी लॉस एंजेलिसातल्या थिएटरात जाऊन खेळ पाहावे लागायचे. त्यांच्या मतांनी सहा सिनेमे निवडले जायचे आणि उरलेले तीन एक छोटी समिती पदरचे घालायची, कारण त्या सदस्यांच्या आवडीवर अकादमीचाच पुरता विश्वास नव्हता. ज्याला दुपारी मोकळा वेळ आहे आणि गाडी चालवत थिएटर गाठणं जमतं असा मतदार म्हणजे बहुतेक करून निवृत्त मतदार. भाकीत करणाऱ्या चाणाक्ष मंडळींनी तेव्हा एक सवयच लावून घेतली होती: महायुद्ध, लहान मूल, म्हातारपण यांपैकी काही आहे का ते आधी बघायचं. आता सदस्य जगभरातून घरी बसून सिनेमे पाहतात, यादी पंधराची झाली आहे आणि जुने अंदाज बरेचसे निकामी.

पहिली निवडणूक आपल्याच दाराशी

पण भारतीय सिनेमाचं भाकीत तिथपर्यंत पोचायच्या आधीच अडकतं. प्रत्येक देशानं एकच सिनेमा पाठवायचा. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची निवड समिती ठरवते. म्हणजे पहिल्या फेरीत मतदार दहा-पंधरा. आजवर या विभागात नामांकन मिळालं ते तिघांना: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि २००२ला ‘लगान’. त्यानंतर कोणालाच नाही.

निवड समितीचं भाकीत करणं म्हणजे खरोखरच मटका. २०१३ला सगळे ‘द लंचबॉक्स’ म्हणत होते, गेला ‘द गुड रोड’. २०२२ला सगळे ‘आरआरआर’ म्हणत होते, गेला ‘छेल्लो शो’. तो बिचारा पंधरांत आला, पाचांत नाही. २०२४ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलेला पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मागे राहिला आणि गेला ‘लापता लेडीज’. या दोन्ही सिनेमांत मराठी छाया कदम आहे, एकात रत्नागिरीची पार्वती, दुसऱ्यात स्टेशनवरची मंजू माई. दोन्हींपैकी कोणताही गेला असता तरी ती जाणारच होती. असा हुकमी आकडा दुसऱ्या कोणाला लागला नसेल. ‘लापता लेडीज’ पंधरांत आला नाही. त्याच यादीत ‘संतोष’ हा हिंदी सिनेमा मात्र होता, ब्रिटनकडून.

मराठी सिनेमे आजवर तीन गेले. २००४ला संदीप सावंतचा ‘श्वास’, २००९ला परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २०१५ला चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. ‘श्वास’नं ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ आणलं होतं. अमेरिकेत मतदारांना सिनेमा दाखवायचा तर थिएटर भाड्यानं घ्या, जाहिराती द्या, प्रसिद्धीवाले नेमा. एवढे पैसे आणायचे कुठून? तर लोकवर्गणीतून. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, कलावंतांनी दिले, सरकारनं दिले. गणपतीला काढतात तशी वर्गणी काढून ऑस्करला गेलेला सिनेमा जगात दुसरा असेल तर कळवा.

‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले होते. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला नागपूरच्या वीरा साथीदार यांनी, जे त्याआधी नट नव्हतेच. त्यांना २०२१च्या एप्रिलात करोनानं नेलं. ‘कोर्ट’ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते अमोल पालेकर, ज्यांचा स्वतःचा ‘पहेली’ २००५ला भारताकडून गेला होता.

त्याच वर्षाच्या चौकटीत आणखी एक सिनेमा बसत होता. आलापल्लीहून भामरागडकडे निघालं की डॉ. प्रकाश आमटेंचं हेमलकसा लागतं. १० ऑक्टोबर २०१४ला समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो’ आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी. ऑस्करला काय लागतं त्याची यादी करा: खऱ्या माणसाची गोष्ट, जंगल, त्याग, सोबत बिबटे-अस्वलं, मोठा नट. सगळ्या चौकटींवर खूण होते. तरी समितीनं ‘कोर्ट’ निवडला, आणि माझ्या मते बरोबर निवडला. फॉर्म्युल्यात बसणारा सिनेमा आणि चांगला सिनेमा यात समितीनं एकदा तरी दुसऱ्याला मत दिलं.

‘ऑस्करच्या शर्यतीत!’

दर जानेवारीत हा मथळा छापला जातो. वाचलात की पान उलटा. अकादमी एक यादी काढते, ज्यांनी अमेरिकेत ठरावीक शहरांत ठरावीक दिवस खेळ लावून अर्ज भरलाय अशा सगळ्या पात्र सिनेमांची. २०२३ला तीत ३०१ नावं होती, त्यांत राहुल देशपांडेचा ‘मी वसंतराव’ही होता. नागपूरच्या मातीतल्या वसंतरावांचं नाव त्या यादीत पाहून छान वाटलं हे खरं. पण ही उमेदवारी अर्ज भरलेल्यांची यादी म्हणा. छाननी पुढे असते, निकाल त्याच्याही पुढे.

जाता जाता

पहिल्या ऑस्करचं भाकीत करायला काहीच डोकं लागलं नसतं. १६ मे १९२९चा सोहळा पंधरा मिनिटांत आटोपला आणि विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झाली होती.

नंतर अकादमी निकाल रात्री अकरानंतर छापायच्या अटीवर वर्तमानपत्रांना आधी देऊ लागली. १९४०ला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं आपल्या संध्याकाळच्या अंकात तो छापूनच टाकला, पाहुण्यांनी येताना वाचला. पुढच्या वर्षापासून बंद लिफाफा आला. २०१७ला तोच लिफाफा चुकीचा हातात पडून ‘ला ला लँड’चे निर्माते भाषण करून मोकळे झाले होते, जिंकला होता ‘मूनलाइट’.

‘मदर इंडिया’ एका मतानं हरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. कुठून आली देव जाणे, कारण अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही. त्या वर्षी जिंकला फेलिनीचा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’, एवढंच खात्रीचं.

‘गांधी’ला ११ नामांकनं होती. वेशभूषेचं कोल्हापूरच्या भानू अथैयांना, जॉन मोलो यांच्यासोबत, आणि १९८३ला ऑस्कर घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०१२मध्ये त्यांनी ती बाहुली सांभाळायला अकादमीकडे परत दिली. कस्तुरबा झालेल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींना मात्र नामांकनही नाही. महिन्याभरानं ब्रिटनच्या बाफ्टानं त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला! तेव्हा बाफ्टा ऑस्करच्या नामांकनांनंतर व्हायचा, म्हणून अकादमीच्या नटांना त्याचा कानोसा लागलाच नाही. २००१पासून तो ऑस्कर सोहळ्याच्या आधी सरकला आहे, पण ऑस्करची नामांकनं आजही त्याच्या आधीच जाहीर होतात.

ऑस्करचा हंगाम साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत रंगतो, तोच आपल्याकडच्या झाडीपट्टी रंगभूमीचाही. मंडईच्या, शंकरपटाच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात आणि कोणतं नाटक लावायचं ते ठरवायला गावोगावची मंडळं वडशाला कंपन्यांच्या कार्यालयांत जातात. तिथला ठोकताळा सरळ असतो: शेजारच्या गावात हाउसफुल झालं होतं का? २०२३च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली, त्यात झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे होते, पद्मश्री. हे भाकीत कुणी केलं नव्हतं. म्हणजे ऑस्करची नामांकनं मंगळवारी, पद्मश्री बुधवारी, आणि पुढच्या सोमवारी शिक्षकांचं मतदान. गडचिरोली जिल्ह्यासाठी तो आठवडा जोरदार होता.

आणि आकडा लावणाऱ्यांनी वहीत टिपून ठेवावा असा ताजा नियम. २०२५च्या एप्रिलात अकादमीनं जाहीर केलं की यापुढे एखाद्या विभागात अंतिम मत द्यायचं, तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे सदस्यानं पाहिलेले असले पाहिजेत. सिनेमे न पाहता मत देणारे किती होते, याची यापेक्षा चांगली कबुली मिळणार नाही. अकादमीच्या स्वतःच्या ॲपवर पाहिला तर नोंद आपोआप होते. थिएटरात किंवा महोत्सवात पाहिला असेल तर कुठे आणि कधी पाहिला ते सांगणारा एक फॉर्म भरायचा. फॉर्म भरला की झालं. तिकिटाचा अर्धा तुकडा कोणी मागत नाही.